दाजींचा सप्लाय आणि आमच्या वायरी

ती. दाजींस साष्टांग नमस्कार.

गुडघा आता जिने चढू देतोय ना? ताईचा खोकला गेला का? आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे परवा दुपारपर्यंत तरी होतो.

परवा हिचा कम्प्युटर काम करता करता फट्‌दिशी बंद पडला. एका शाळेच्या इमारतीचे नकाशे ही महिनाभर त्यावर काढत होती आणि ते संध्याकाळपर्यंत ठेकेदाराच्या हातात पडले नाहीत तर काम दुसऱ्याला जाणार होतं. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. मी छातीठोकपणे सांगितलं, सप्लाय गेला. (खोक्याच्या मागच्या कोपऱ्यात पंखेवाली डबी असते, ती भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटते. तुम्हाला हे ठाऊकच असणार, पण मला परवाच कळलं आणि कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना.) ही म्हणाली, भाऊजी बदलीवर जाताना ठेवून गेलेला चांगला चालू कम्प्युटर आतल्या खोलीत आहे, त्याला नकाशे साठवलेली माझी डिस्क लावते आणि काम उरकते. मी ताडकन उठलो. म्हटलं, विश्वासाने ठेवलेली वस्तू आहे, हात लावायचा नाही! तुमच्या वस्तूची मला किती काळजी आहे, हे इथे कृपया ध्यानात घ्यावं.

हिने आपली डिस्क काढली, पर्समध्ये टाकली आणि पर्स काखेत धरून बसून राहिली. ही भांडते तेव्हा बरं असतं. घड्याळ काही थांबत नव्हतं. सप्लायच गेलाय हे सिद्ध करायचं तर दुसरा चांगला सप्लाय लावून बघणं भागच होतं, म्हणून मी तुमच्या कम्प्युटरातला तेवढा सप्लाय काढून आमच्यात बसवला. (फक्त सप्लाय. बाकी कशालाही धक्का लावायचा नाही, असं तेव्हा ठरलं होतं.) वायरी मात्र आमच्याच ठेवल्या, कारण त्या खपून छान बांधल्या होत्या आणि त्यांची टोकं तुमच्या सप्लायमध्ये खटकन बसली. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, मी "जमलं!" म्हणून ओरडलो आणि पाठोपाठ जळका वास आला. टोकं सारखी दिसली तरी प्रत्येक कंपनीची आतली जोडणी निराळी असते म्हणे. मग टोकं तरी सारखी कशाला करतात मेले?

ही उठली. आतल्या खोलीत तुमचा सप्लाय तुमच्या वायरींसकट तुमच्या कम्प्युटरात परत बसवला, त्यालाच आपली डिस्क लावली आणि नकाशे पुरे केले. ठेकेदाराला ते वेळेत मिळाले. तेव्हा तुमचा कम्प्युटर उत्तम चालतोय. चिंता नसावी.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा

ता.क. आमचा सप्लाय ठणठणीत आहे. आमचा कम्प्युटर ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर होता, त्यावर आज इस्त्री लावली, तर तीही मधेच बंद पडते.

ता.क. जळका वास कशाचा होता, ते लिहायचं राहिलं. हिची डिस्क पर्समध्ये, आणि डिस्कशिवाय खात्री कशी पटणार, म्हणून मी तुमची लावली होती. त्यात भाचीचे अगदी पाळण्यातल्यापासूनचे फोटो होते ना? दाजी, दोन घास गिळवत नाहीत हो. ताईला तेवढं तुम्हीच सांगाल का? मला ती दारात उभं करणार नाही.

ता.क. भाऊजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून मी लिहिते. यांनी पेचकसांचा सेट विकत आणला, त्याच दिवशी मी वन्संना फोन करून विचारलं आणि तुमच्या डिस्कची नक्कल काढून माझ्या आईकडे ठेवून आले. सगळे फोटो आहेत. फक्त उत्तर पाठवायची घाई करू नका. सध्या घरातली भांडी हे घासतायत.