बारा तासांची खिडकी

१२ नोव्हें.
सरांना आलेख दाखवला. चष्मा कपाळावर ढकलून बघतच बसले. ही जोडी, म्हणजे कृष्णविवर नि त्याचा तारा, चार वर्षांपूर्वी भडकली तेव्हा क्ष-किरण सगळ्या जगाने पाहिले, गॅमा किरण कुणालाच मिळाले नाहीत. माझ्या आलेखात गॅमाची उसळी स्वच्छ उभी. फक्त बारा तासांच्या एका खिडकीत, म्हणजे तेवढाच काळ कापून पाहिला तर.
"खिडकी आधी ठरवली होतीस ना?"
हो म्हटलं. पटकन म्हटलं.

१३ नोव्हें.
इथे तरी खरं लिहिते. नियम साधा आहे: कोणता काळ तपासायचा ते आधी लिहायचं, मग डेटा उघडायचा. मी लिहिला होता पूर्ण दिवस. काही निघालं नाही. मग सहा तास. मग बारा. मग सुरुवात जरा पुढे, जरा मागे... एकदा उसळी दिसली आणि मी थांबले. किती वेळा केलं त्याची नोंद नाही. फायली पुसल्या. डिस्क भरली होती म्हणून. (भरली होती, पण तेवढ्यासाठी पुसल्या नाहीत.)
इतक्या वेळा खिडकी सरकवली तर योगायोगानेही काहीतरी दिसणारच. हे मी एम. एस्सी.च्या पोरांना शिकवते!

१६ नोव्हें., रवि.
उचगावला, घरी. अण्णा साखर कारखान्याच्या लॅबमधून रिटायर झाले. जन्मभर उसाचा उतारा काढला, कुठल्या उसातून किती साखर निघेल ते. जेवताना त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे, सगळं नाही.
"म्हंजे त्यो काळा ताऱ्याला वरपून खातोय, आन खाता खाता किरण सुटत्यात?"
"साधारण तसंच."
जरा वेळाने म्हणाले, "सँपल कसं घेतलंस?"
मी भाकरी मोडत राहिले.
"मोळीतला ऊस बघून उपसायचा न्हाय. जाडजूड बघून काढला की उतारा झ्याक येतोय. पर गाळपाला कळतंय की."
आई म्हणाली, पोरीला जेवू द्या.

२० नोव्हें.
उसळी पाठ सोडत नाही. राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानात ट्यूब लुकलुकली, तर मी किती वाजले ते बघून ठेवलं. घरी येऊन वहीत लिहिलंसुद्धा. वेड लागायची लक्षणं.
आणि ते खरंच असलं तर? खोटं मी बोलले, म्हणून किरण खोटे ठरत नाहीत. पण पुन्हा तपासायचं कशावर? जोडी शांत आहे. माझ्या हयातीत भडकेल न भडकेल.
भीती वाटते. कशाची ते धड सांगता येत नाही.

२५ नोव्हें.
सरांनी लिहिलेला शोधनिबंधाचा मसुदा आला. माझं नाव पहिलं. पान तीन: 'कालखंड विश्लेषणापूर्वी निश्चित केला होता.' माझ्या शब्दावर लिहिलंय. पुढच्या वर्षी सर निवृत्त होणार. डिपार्टमेंटला त्यांनी भजी मागवली. मीपण खाल्ली, बेशरमासारखी.

२८ नोव्हें.
सांगितलं. केबिनमध्ये, उभ्यानेच.
"किती खिडक्या बघितल्यास?"
"माहीत नाही सर."
"अंदाजे?"
"वीस. चाळीसही असतील."
"नक्की आकडा असता तर तेवढ्याने उसळीची किंमत कमी करून काहीतरी उरवलं असतं. आता काय करू?"
रागावले असते तर बरं झालं असतं. ती ओळ खोडली, मग अख्खं पान. मी दारापर्यंत गेले तेव्हा विचारलं, "तुला काय वाटतं? हाय का तिथं काही?"
"वाटतं, सर."
"मलापण," म्हणाले.
ती उसळी त्यांच्याही मानगुटीवर बसवली मी.

५ डिसें.
जोडी पुन्हा भडकली! सकाळी उपग्रहाचा इशारा आला. सरांचा फोन: "आधी लिही. मग बाकीचं."
लिहिलं. तीच बारा तासांची खिडकी, जोडीच्या रेडिओ लहरी वाढल्या त्या क्षणापासून मोजून. दोघांच्या सह्या. एकदाच उघडायचं, दोघांनी मिळून.

८ डिसें.
डेटा आलाय. सर चारला येणार. काल त्यांनी अगदी हळू विचारलं होतं, "डेटाचा पासवर्ड मी बदलून ठेवू का?" मला ते लागलं. नको म्हटलं, ताठ्यात.
आता अकरा वाजलेत. लॅबमध्ये मी एकटी आहे. बदलू द्यायला हवा होता.