बिशपाचे दोन हात

बाई, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मला आत्ता तुमचा इतिहासाचा तास आठवतोय. रत्नागिरीची शाळा, नववीचा वर्ग. युरोपच्या मध्ययुगावर पुस्तकात जेमतेम अर्धं पान होतं, पण तुम्ही दोन तास त्यातच घालवलेत. एका हातात खडू, दुसऱ्यात डस्टर धरून तुम्ही सांगताय, "हा बिशप. ह्या हातात धर्माची अंगठी, ह्या हातात राजाने दिलेली जहागीर. आता राजाने प्रजेला पिळलं, तर हा कुणाच्या बाजूने बोलेल?" मी मॉनिटर, त्यातून अतिशहाणा. म्हटलं, "दोघांना सांभाळून घेईल, बाई." तुम्ही हसला नाहीत. "मेल्या, दोघांना सांभाळताना तिसरा मरतो. तो कोण, ते आधी बघायचं." वर्ग हसला. मला तुमचा राग आला होता, खरं सांगतो.

इथे सौदीत, धाहरानजवळ एका लेबर कॅम्पात मी सुपरवायझर आहे. सुट्टीचा फॉर्म माझ्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. आणि अब्बांनी लहानपणी कुराण नीट पाठ करून घेतलं, म्हणून कॅम्पातल्या नमाजच्या खोलीत नमाज पढवायला पुढे उभा राहतो तोही मीच. माणसं इमामसाब म्हणतात. दोन डगरींवर पाय, आणि मला त्याचा अभिमानच होता.

गेल्या महिन्यात राजापूरकडचा एक वेल्डर फॉर्म घेऊन आला. "इमामसाब, आई आयसीयूत आहे. आठ दिवस सोडा." प्लांट दुरुस्तीसाठी बंद होता, एकेक वेल्डर मोलाचा. मॅनेजर म्हणाला, "शटडाउन के बाद भेजो. तुम्हारी बात मानते हैं ये लोग." मी जी सर म्हटलं आणि फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. तो परत विचारणार हे माहीत होतं. म्हणून असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज झाल्यावर, कुणी उठायच्या आत, सगळ्यांकडे तोंड करून मीच सब्रवर, धीर धरण्यावर बोललो. अल्लाह सब्र करणाऱ्यांबरोबर असतो, म्हटलं. अल्लाहचं नाव मध्ये आल्यावर तो बिचारा काय बोलणार? मान खाली घालून बसला. कंपनीचं काम मी नमाजच्या चटईवर उरकलं. सहाव्या दिवशी त्याची आई गेली. दफन त्याने मोबाईलवर बघितलं.

भांडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी रांग सरळ करायला मी मागे वळलो, तर तो रांगेतून निघून दाराशी जाऊन थांबला. आमची नमाज झाल्यावर एकटा पढला. मागच्यांचं मन उडालं असेल तर इमामाने पुढे उभं राहू नये, हे आमच्यात लहान मुलालाही ठाऊक असतं. आता असे चौघे दाराशी थांबतात. मला काही होत नाही, बाई. जेवण जातं, झोप लागते. कुराणाच्या आयता तोंडातून बरोबर निघतात, कुठे अडखळत नाहीत. काही होत नाही, ह्याचीच भीती वाटते.

तो फॉर्म अजून ड्रॉवरमध्ये आहे. आज काढून सही करून बघितली. अर्धं मिनिटही लागलं नाही. हे पत्रही त्यावरच ठेवतो, तुमचा पत्ता आता कुठून आणू? असरची अजान झालीय. दुसरे दोघे-तिघे चांगली नमाज पढवतात, मला मागच्या रांगेत उभं राहता येईल, मग तो वेल्डरही रांगेत येईल. पण मी जाईन आणि पुढेच उभा राहीन. मागे, त्याच्या शेजारी उभं राहायची मला लाज वाटते.