श्वास रोखायचा नाही

५ फेब्रुवारी २०२४

पाणी खरंच त्या रंगाचं आहे! मला वाटायचं, फोटोत रंग भरतात. जेटीवरून वाकून पाहिलं — खालची वाळू, वाळूवर बोटीची सावली, सावलीतून जाणारे मासे. सगळं दिसतं. यास्मीन म्हणाली, "बॅग तर खाली ठेव वं. समुद्र कुठं पळून नाही राह्यला."

बुलढाण्याच्या कॉलेजातून आम्ही दोघीच अंदमानात आलो. प्रवाळांच्या पाहणीचं सहा महिन्यांचं काम. अट एकच — दहा तारखेपर्यंत डायव्हिंगची परीक्षा पास. नाही तर परतीची बोट. मला काळजी नाही. बाबा आमच्या धाड गावाच्या आसपास विहिरीत पडलेल्या पाणी उपसायच्या मोटारी बुडी मारून काढतात. मी आठव्या वर्षापासून पोहते. यास्मीन मागच्या उन्हाळ्यात शिकली.

६ फेब्रुवारी

छातीभर पाण्यात सराव. यास्मीनला जमलं. मला नाही.

७ फेब्रुवारी

आजही नाही. नेमकं काय होतं ते लिहून ठेवते.

पाठीवरच्या टाकीतून नळी येते. ती तोंडात धरून श्वास घेत राहायचं, कधीच रोखायचा नाही. रोखून वर आलं तर आतली हवा फुगते, फुप्फुस फाटू शकतं. समजतं सगळं. प्राणिशास्त्रात पहिली आले आहे मी. पण डोकं पाण्याखाली गेलं की छाती आपोआप बंद! बाबांनी तेच तर शिकवलं — पाण्यात श्वास घेतला की संपलं.

शिकवणाऱ्या मॅडम इथल्याच, बंगाली. पाण्यात माशासारख्या वळतात, बघत राहावं. आज मला तीनदा वर आणलं.

"पोहायला कुणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"छान शिकवलंय. आता विसर."

जेवताना यास्मीन म्हणाली, "मले काही येतच नव्हतं ना, म्हणून जमलं." चिडवत नव्हती. तेच जास्त लागलं.

८ फेब्रुवारी

सकाळी ओहोटी. खडकांच्या खळग्यात निळा तारामासा. पुस्तकातल्या चित्राहून कितीतरी निळा. पाऊण तास तिथंच बसले. हे सोडून जावं लागलं तर?

संध्याकाळी फोनवर बाबांना सांगून टाकलं.

"मंग म्या चुकीचं शिकवलं काय तुले?"

"नाही बाबा. विहिरीत तेच बरोबर."

मागून माय विचारत होती, काय झालं, काय झालं. मग बाबा म्हणाले, "तिथं मी हाये काय? त्या बाईच्या भरवशावर उतरून राह्यली ना, मंग तिचंच ऐक."

९ फेब्रुवारी

मॅडमनी नवं सांगितलं — श्वास सोडताना गुणगुण. गाणं आठवेना. वर्गीकरणातले प्राण्यांचे संघ क्रमाने म्हणत सुटले. तोंडात नळी, त्यामुळे नुसतं हूं हूं. चौथ्या संघापाशी लक्षात आलं, छाती चालू आहे! यास्मीन वर येऊन म्हणे, "म्हैस रेकून राह्यली वाटलं मले."

१० फेब्रुवारी

साठ फूट. दोघी पास.

प्रवाळ जिवंत असतात हे तीन वर्षं परीक्षेत लिहिलं. आज त्यांच्यासमोर तरंगत होते. जांभळे, पिवळे, हरणाच्या शिंगांसारखे. पोपटमासा दगडावरचं शेवाळ खरवडतो त्याची कुरकुर ऐकू येते. पाण्याखाली! मॅडम बोटाने एकेक दाखवत होत्या, घरातलं कुणी दाखवावं तसं.

११ फेब्रुवारी

बाबांना फोन केला. "साठ फूट? माह्यापेक्षा दुप्पट गेली." खूप हसले. मग आवाज खाली आणून विचारलं, "पाण्याखाली दिसते काय वं? तीस वर्सं झाले उतरून राह्यलो. खाली अंधारच असते, हातानंच चाचपतो. मले तर काहीच नाही दिसलं."