वाढली म्हणून वाटलेली साखर

मित्रवर्य किसनराव, मुक्काम कनेरगाव नाका, यांस

डोंगरकड्याहून अमृतरावचा जय भीम. तुमचा राम राम आधीच पोचला असं समजतो. तुमचा ढाबा, गुडघा आन् पार्वतीवहिनी, तिघंबी बराबर असतील (क्रम चुकला असंल तर वहिनींना पत्र दाखवू नका). फोन सोडून पत्र काहून, म्हणाल. फोन लावला की आमच्या पद्माबाई शेजारी येऊन बसत्यात.

माझ्या मानेतली गाठ तुमाला ठाऊकच हाय. नांदेडच्या डॉक्टरनं तुकडा तपासला, निघाला लिम्फोमा, म्हंजी लसीकाग्रंथींचा कॅन्सर. वर रक्तातला ग्रोथ फॅक्टर बघितला. आता जन्मभर केळी लावणाऱ्याला 'ग्रोथ' म्हणलं की काय सुचंल? खताचा दुकानदार त्याच नावानं पिकाच्या टॉनिकची बाटली गळ्यात मारतो! लेकीनं, राणीनं, मोबाईलवर रिपोर्ट वाचला, ग्रोथ फॅक्टर वाढलाय म्हणाली. झालं! पद्माबाईनं गल्लीभर साखर वाटली. शेजारच्या जळबानं (साखर दोनदा घेऊन) मी काय खाऊन राहिलो ते इचारलं.

डॉक्टरनं ऐकून कपाळाला हात लावला. म्हणे, ही वाढ नको असलेली. शरीरच असले पदार्थ बनवतं, ते पेशींना वाढा म्हणून सांगत्यात, नव्या रक्तवाहिन्या फोडत्यात. ते रक्तात जास्त निघाले तर आजार हट्टी असायचा संभव. मी म्हणलं, म्हंजी गाठ सोताचं ठिबक सोताच आंथरून राहिली? डॉक्टर खूश! मग माझी गाडी सुटली. आजार वाढला म्हणून हे वाढतं, का हे वाढलं म्हणून आजार? ती नळी बंद करता येती का? (म्हणला, आमीबी तेच शोधून राहिलो.) किसनराव, इतकी मजा आली की आजार माझाच हाय हे घटकाभर इसरलो. शेवटी म्हणला, ह्या एका आकड्यावर एका माणसाचं भाकीत होत न्हाई, बाकीचंबी बघावं लागतं. तेवढ्यात पद्माबाईनं मला ओढत बाहेर नेलं.

तवा तब्येत ठीक, भूक हाय, फिकीर नको.

तुमचा
अमृतराव

ता.क. गल्लीला अजून खरं सांगितलं न्हाई. जळबा रोज इचारतो, आज किती वाढली?

आणखी ता.क. सोमवारी डॉक्टरनं बोलावलंय. तुमी याच. मी सगळं इचारतो, एक सोडून. तिथं जीभ उचलत न्हाई. भ्या वाटतं. मी बाहेर बसतो, तुमी आत जाऊन इचारा: ह्या माणसानं यंदा केळी लावावी का? घड उतरायला वरीस जातं, हे त्याला आधी सांगा, शहरातला हाय. काय म्हणला ते पद्माला सांगू नका. मलाबी तोंडानं नको. खालच्या टपरीवर च्या पाजा. व्हय म्हणला असंल तर साखर जास्त टाकायला लावा. मला कळंल.