खोकला नाही, असं लिहा

ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे, आईला सांग. तिचा गुडघा कसा आहे? माझं डोकं मात्र फिरलंय. कॉलेज सोडून हेच करायला गेलास का, असं बाबांसारखं विचारू नकोस.

खाणीच्या धुळीचा पाण्यावर, पाखरांवर, माणसांवर काय परिणाम होतो, ते आमची टीम तपासते. पाणी आणि पाखरं मुकाट मोजू देतात. माणसं दारातच खोकून वाकतात आणि वर सांगतात, "लिहा, खोकला नाही!" घरटी एक जण खाणीत कामाला ना!

काल बालवाडीच्या बाईंच्या घरी गेलो. हो, मागच्या पत्रात जिच्याबद्दल लिहिलं होतं तिच्याच, हसू नकोस. तिचे वडील खाणीत डंपर चालवतात. तेही धापा टाकत म्हणाले, "छे, खोकला कसला?" मी रागाने 'आहे' लिहिलं.

"खोडा ते," ती म्हणाली. "बाबांची नोकरी गेली तर घर तुम्ही चालवणार?"

"चालवीन की!" मी बोलून बसलो. दार धाडकन बंद.

फॉर्मवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, हे आधी सांगायचं असतं. भांडणात तेच राहिलं. आज सांगायला गेलो, तर वडील एकटेच होते.

"नक्की नंबरच ना? मग लिहा. वर्ष झालं, खोकल्यातून रक्त पडतंय. पोरीला कळू देऊ नका."

ताई, मला साधा राग लपवता येत नाही गं! उद्या तिच्यासमोर कसा उभा राहू?

तुझाच,
धाकटा