खोडलेले चंद्र

स्वानंदी,

डबा ओट्यावर आहे. प्रोजेक्टची वही आज सरांना देऊ नकोस. तू उठायच्या आत युनिटला कामावर निघालोय, कारण तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही.

तू सेक्टर ३४ला क्लासला होतीस त्या दोन संध्याकाळी गुरूचे चंद्र दुर्बिणीतून बघून वहीत काढायचं काम तू माझ्यावर सोपवलं होतंस. मी गच्चीवर गेलोच नाही. थंडी होती, हीटरपुढून उठवेना. मोबाइलच्या ॲपमध्ये बघून चार ठिपके काढले आणि खाली ऐटीत सही ठोकली.

काल जेवताना तू आईला म्हणालीस, "मेरे मून्स बाबा से उलटी साइड आ रहे हैं. बाबा गलत थोड़ी होंगे!" मी मान खाली घालून जेवत राहिलो. आज सकाळी टेबलावर खोडरबराचा चुरा दिसला. माझ्या दोन पानांशी जुळवायला तू तुझी नऊ पानं खोडलीस. मग दुर्बिणीची पुस्तिका उघडली. आपल्या दुर्बिणीतून सगळं उलटंच दिसतं, ॲपमध्ये सुलटं. तुझंच बरोबर होतं गं.

पानं खिडकीशी उजेडात धर, तुझ्या पेन्सिलीचे जुने वळ अजून दिसतात. मी त्यांना हात लावलेला नाही. माझ्या पानांवर मात्र 'हे मी पाहिलेलं नाही' असं लिहून सही केली आहे. सरांशी मी स्वतः बोलतो.

संध्याकाळी मला गच्चीवर नेशील? मी गुरू अजून एकदाही पाहिलेला नाही.

बाबा