बाथरूमचा उंबरा

बंडू,

मी बहिणीकडे राहायला जातेय. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.

बाथरूमचा उंबरा होता तसा बसवून घेतलाय. तुझ्या वकिलाच्या नोटिशीत तसंच म्हटलं होतं. तुझ्या वडिलांनी मृत्युपत्रात लिहिलंय, मी जिवंत असेपर्यंत इथे राहायचं, माझ्यामागे घर तुझं, आणि तोवर मी त्याची नासधूस करायची नाही. गुडघा वाकत नाही म्हणून उंबरा काढून टाकला, ती नासधूस झाली. मागच्या खोलीचं छत गळतंय आणि मी दुरुस्त केलं नाही, तीही नासधूसच म्हणे. हात लावला तरी मी, नाही लावला तरी मीच.

आपण एकाच टेबलावर जेवतो. मीठ मागतोस तसं हेही तोंडाने सांगायचंस. पोस्टमनला कशाला दमवलंस?

लग्न करून या घरात आले तेव्हा तू याच उंबऱ्याला ठेचकाळायचास. मी उचलून पलीकडे ठेवायचे.

गवंडी विचारत होता, मावशी, तुम्ही हा ओलांडणार कशा? म्हटलं, घर ज्याचं आहे त्याचे गुडघे धड आहेत.

सिमेंट ओलं आहे, उद्यापर्यंत त्यावर पाय देऊ नकोस. गळतीखालची बादली भरली की ओतत जा.

ह्यांचा फोटो न्यायला म्हणून भिंतीवरून उतरवला होता. मागे रंगाचा चौकोनी डाग दिसला, म्हणून परत टांगून ठेवलाय.

मावशी